शेजारचे संगीत, मुंबईमार्गे

एखाद्या प्रदेशाच्या संगीताचा इतिहास लिहिताना गायक, वादक, गुरू, घराणी आणि आश्रयदाते यांची नोंद होते, आणि ती व्हावयासच हवी. परंतु एखादे नवे संगीत सामान्य घराच्या ओसरीवर प्रथम कोणी आणले आणि घरच्यांनी ते कसे ऐकले, हा भाग सहसा अलिखित राहतो. पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हा मराठी घराण्यांपुरते बोलायचे, तर या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा एकच येते : नवे संगीत भावंडांनी आणले. मुंबईला शिकायला गेलेला भाऊ, नाहीतर दुसऱ्या गावी दिलेली बहीण. प्रस्तुत लेखात आम्हाला अशाच एका आगमनाचा विचार करावयाचा आहे. ते संगीत बँडचे होते. आमच्या घरांना ते पूर्ण अनोळखी होते, आणि ते वाजविणारे मात्र आमचे नदीपलीकडचे शेजारी होते.

शेजारी असून अनोळखी, हे कसे, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. बार्देश आणि सासष्टी हे प्रांत पोर्तुगीजांच्या ताब्यात सोळाव्या शतकात, १५४३ साली गेले. तिसवाडीसह ह्या झाल्या जुन्या काबिजादी. डिचोली अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि पेडणे १७८८ साली सावंतवाडीकरांकडून त्यांच्याकडे आले; ह्या नव्या काबिजादी. मध्ये सुमारे अडीच शतकांचे अंतर पडले, आणि त्या अंतराने दोन वेगळे कान घडविले. जुन्या काबिजादींत प्रत्येक मोठ्या चर्चला जोडून पारोकियाल शाळा निघाल्या. तेथे मुलांना अक्षरओळखीबरोबर स्वरलेखनही शिकविले जाई. पाच रेघांवर लिहिलेले स्वर वाचणे, व्हायोलिन धरणे, चार वेगवेगळ्या पट्ट्यांतल्या आवाजांनी एकाच वेळी चार वाटांनी गाणे, हे सारे खेड्यातल्या सामान्य कुळाच्या मुलालाही मिळू शकत होते. नव्या काबिजादी हाती आल्या तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. देवळे आणि चालीरीती यांना हात लावणार नाही, असे आश्वासन राज्यकर्त्यांनी दिले होते. त्यामुळे आमची देवळे राहिली, चौघडा राहिला, सनई राहिली. त्याचबरोबर स्वरलेखनाची ती शाळा आमच्या गावांत आलीच नाही.

मध्ये केवळ नद्या होत्या. पेडणे आणि बार्देश यांच्यामध्ये शापोरा. होडीने पलीकडे जायला फारसा वेळ लागत नसे. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वर नदी ओलांडून डिचोली महालातील नार्वे येथे आला आणि शिवाजी महाराजांनी १६६८ साली त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला, हे आपल्या घरांतून लहान मुलांनाही ठाऊक असते. देव जसे नदी ओलांडून आले, तसे नातेही नदीपलीकडे टिकले. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया आणि मोरजेची मोरजाई या बहिणी. आणि म्हापशाच्या मिलाग्रीस चर्चमधील सायबीण, आपली मिराबाय, हीही त्यांचीच बहीण, असे लोकमानस आजतागायत मानते. लईराई आणि मिराबाय या दोघींमध्ये तेलाची आणि मोगऱ्याच्या फुलांची देवघेव होते. देवतांना भावंडे मानून आमच्या लोकांनी शेजार जपला. पण तेल आले आणि फुले आली, तरी मिलाग्रीसच्या फेस्ताला वाजणारा बँड आमच्या ओसरीवर आला नाही. तो दुरून ऐकू येई, आणि दुरून जे ऐकू येते त्याला आपल्याकडे ‘वाजप’ म्हणतात, संगीत म्हणत नाहीत.

आमच्या घरांचे संगीत दुसरे होते आणि ते श्रीमंत होते. देवळातला चौघडा, चवथीला घुमट, शामेळ आणि कासाळे यांच्या ठेक्यावर रंगणारी आरती, भजनी सप्ताह, पेडण्याच्या पुनवेची गर्दी, दशावतारी काला, आणि जत्रेच्या रात्री पहाटेपर्यंत चालणारे संगीत नाटक. प्रत्येक गावात पेटीवर बसणारा एखादा गृहस्थ असे, त्याला शेकडो नाट्यपदे पाठ असत. याच भूमीतून केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर गेल्या; पेडण्यातील मालपे हे गाव अंजनीबाईंच्या आडनावातून साऱ्या देशाला ठाऊक झाले. या संगीतातही भावंडांचा वाटा मोठा होता. म्हापशाच्या रामदास कामतांना गाण्याचे पहिले धडे थोरले बंधू उपेंद्र यांच्याकडून मिळाले. बांदिवड्याच्या केळेकर भगिनींपैकी थोरल्या गिरिजाबाई गात होत्याच. धाकटी दुर्गा पुढे ज्योत्स्ना भोळे या नावाने रंगभूमीवर गाजली. गुरूकडे जाण्याआधी कान तयार होतो तो घरात, आणि घरात तो तयार करणारे माणूस वयाने थोडेच मोठे असते.

गोव्यातून मुंबईला जाणाऱ्या दोन वाटा होत्या. एका वाटेने आमच्याकडचे गायक-गायिका, नाटकवाले आणि विद्यार्थी गेले. ते गिरगाव, दादर या भागांत राहिले. दुसऱ्या वाटेने जुन्या काबिजादींतील ख्रिस्ती तरुण गेले. त्यांची गावोगावची ‘कूड’ असे, म्हणजे गावकऱ्यांनी चालविलेले सामाईक बिऱ्हाड. धोबीतलावच्या जेर महाल या इमारतीत अशा कुडी आहेत. त्या तरुणांपैकी कित्येकांच्या पेटाऱ्यात कपड्यांपेक्षा मौल्यवान वस्तू होती ती व्हायोलिन किंवा ट्रंपेट. गावच्या मेस्ताकडून शिकलेले स्वरवाचन त्यांना लष्करी बँडमध्ये, संस्थानिकांच्या वाद्यवृंदांत, मूकपटांच्या थिएटरांत आणि मोठ्या हॉटेलांत भाकरी मिळवून देई. हळदोण्याचे आंतोनियो शावियर वाझ हे त्यांतलेच. १९१६ साली जन्मलेला हा ट्रंपेटवादक ‘चिक चॉकलेट’ या नावाने प्रसिद्ध झाला आणि ताजमहाल हॉटेलात त्याचा बँड वाजू लागला. हळदोणे डिचोलीहून ते कितीसे दूर? पण डिचोलीतल्या आमच्या घरांत हे नाव कोणी ऐकले नव्हते.

बोलपट आल्यावर या दोन वाटा एका खोलीत मिळाल्या. ती खोली म्हणजे ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ. संगीतकार चाल बांधी, ती पेटीवर गाऊन दाखवी. परंतु तीस-चाळीस वाद्यांना एकाच वेळी काय वाजवायचे हे सांगायला कागद लागे, आणि तो कागद लिहू शकणारा माणूस बहुधा गोव्याचा ख्रिस्ती असे. सेबास्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी असे काम वर्षानुवर्षे केले. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड ट्रंपेट वाजवीत आणि संयोजनही करीत. त्यांनीच पुढे १९६३ साली ‘आमचें नशीब’ हा कोकणी चित्रपट काढला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक तर प्यारेलाल यांचे गुरू. रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांची सांगड घालण्यासाठी त्यांनी १९५८ मध्ये स्वतःचा मोठा वाद्यवृंद उभारला. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) या चित्रपटातल्या गाण्यात त्यांचे नाव आले ते शिष्याने वाहिलेली गुरुदक्षिणा म्हणून. परंतु ते गाणे गुणगुणणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे एका खऱ्या माणसाचे नाव आहे याची कल्पना नव्हती.

सी. रामचंद्र यांचे संगीत लाभलेला ‘अलबेला’ १९५१ साली आला. त्यांना चिक चॉकलेट यांचे साहाय्य होते. त्यातल्या एका गाण्यात चिक आपल्या वादकांसह झालरीचे अंगरखे घालून पडद्यावर दिसतोही. या चित्रपटातील गाण्यांत पुढे आवाज लता मंगेशकरांचा, म्हणजे मंगेशीच्या दीनानाथांच्या कन्येचा, आणि मागे ट्रंपेट हळदोण्याच्या वाझांचा. गोव्यात जे कधी एका मांडवाखाली बसले नसते ते मुंबईत एका तबकडीवर आले. मात्र तबकडीच्या मध्यावरील कागदावर चित्रपटाचे, गायकाचे आणि संगीतकाराचे नाव छापीत. वादकांची नावे छापण्याची पद्धत नव्हती. त्यामुळे आमच्या घरांनी लताबाईंसाठी तबकडी घेतली आणि शेजारी नकळत घरात आला.

ही ओळख पटविली ती भावंडांनी. तो काळ साधा नव्हता. १९५४-५५ पासून भारत आणि पोर्तुगीज गोवा यांच्यातील नाकेबंदी कडक होत गेली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडणे तालुक्यातील पत्रादेवीच्या सीमेवर सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्यानंतर रेल्वे थांबली, सीमा बंद झाली, येणे-जाणे परवान्यावर आले. पेडणे आणि डिचोली हे सीमेचेच तालुके. शेते एका बाजूला, सोयरे दुसऱ्या बाजूला. मुंबईला शिकायला गेलेली मुले तिकडेच अडकली. चवथीला घरी न येणे हे आपल्याकडे जवळजवळ अशौचासारखे. पण अनेक घरांत सहा-सहा चवथी एका मुलावाचून झाल्या.

आमच्या घरचेही तेच होते. थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणत असू, ते नाकेबंदीपूर्वी मुंबईला गेले आणि परतले ते १९ डिसेंबर १९६१ च्या मुक्तीनंतर, १९६२ च्या उन्हाळ्यात. ते गेले तेव्हा आम्ही पाटीवर अक्षरे गिरवीत होतो. त्यांचा चेहरा आठवत होता, आवाज आठवत नव्हता. त्यांच्या ट्रंकेत वह्या-पुस्तके थोडी आणि तबकड्या फार होत्या. त्या पाहून वडील काही बोलले नाहीत, पण त्यांना ते रुचले नसावे. वडील गावच्या नाटकांना पेटीची साथ करीत. घरच्या चावीच्या ग्रामोफोनवर दीनानाथ आणि बालगंधर्व यांच्याखेरीज फारसे काही वाजत नसे.

मधल्या वर्षांत मुंबईत काय ऐकले जात होते, याची आम्हाला अंधूक कल्पना होती. केंद्रीय मंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवर चित्रपटसंगीताला १९५२ नंतर जवळजवळ मज्जाव होता. लोक त्यासाठी रेडिओ सिलोन लावीत. ‘विविध भारती’ आली ती १९५७ मध्ये. लहरींना सीमेवरचा शिपाई अडवू शकत नव्हता. आमच्या भागात ज्यांच्याकडे बॅटरीचे रेडिओ होते त्यांच्या ओसरीवर सिलोन लागे. पण ऐकणे आणि उमगणे यांत अंतर असते, आणि ते अंतर भरून काढायला शेजारी बसलेले माणूस लागते.

अण्णांची शिकविण्याची रीत सोपी होती. एकच तबकडी ते तीनदा लावीत. पहिल्यांदा म्हणत, गाणाऱ्याकडे लक्ष देऊ नका, फक्त सर्वांत खालचा जाड आवाज ऐका. दुसऱ्यांदा ट्रंपेट. तिसऱ्यांदा व्हायोलिने कोठे थांबतात आणि कोठे पुन्हा येतात ते. आपला कान एका धाग्याचा आहे. तो सुराबरोबर चालतो, वळणावर थांबतो, समेवर येतो. बँडमध्ये तीन-चार धागे एकाच वेळी निरनिराळ्या दिशांनी जातात, आणि आपण सवयीने वरचा धागा पकडून बाकीच्यांना गोंगाट समजतो. वडिलांनी एके दिवशी ट्रंपेटची ओळ पेटीवर बरोबर वाजवून दाखविली. अण्णा म्हणाले, “बाबा, ही झाली एक. आता तिच्याखालची वाजवा.” वडिलांनी बराच वेळ प्रयत्न केला. खालची ओळ स्वतंत्र वाजविली तर तिला चेहराच नव्हता, आणि दोन्ही एकत्र वाजविल्या तर मोठे काही उभे राही. त्यांनी पेटीचा भाता मिटला आणि एवढेच विचारले, “हे लिहितात कोण?” अण्णांनी सांगितले, “आपल्याच बार्देशचे आणि सासष्टीचे लोक. धोबीतलावला आमच्या कॉलेजच्या वाटेवर सकाळी वाद्यांच्या पेट्या घेऊन उभे असतात. बोलतात आपल्यासारखेच.”

या शेवटच्या वाक्याने घरात जी शांतता पसरली तिचा अर्थ आम्हाला पुढे कळला. सहा वर्षे मुलगा परमुलखात परक्यांमध्ये राहिला, ही कल्पना वडिलांनी मनाशी धरली होती. प्रत्यक्षात त्याला मुंबईत भेटला होता तो गोवाच. फक्त ज्या गोव्याकडे आम्ही घरी राहून कधी पाहिले नव्हते, तो. अण्णांना समजून घ्यायचे तर त्या तबकड्या ऐकणे भाग होते. आमच्या घराने त्या प्रथम कौतुकापोटी ऐकल्या नाहीत. हरवलेल्या सहा वर्षांची भरपाई म्हणून ऐकल्या. अशीच कथा आम्ही पेडण्यातल्या आणि डिचोलीतल्या इतर घरांतूनही ऐकली आहे. कोठे भावाच्या जागी मावसभाऊ, कोठे तबकडीऐवजी वहीत उतरवून आणलेली गाणी, इतकाच फरक.

त्यानंतरची पायरी अधिक अवघड होती. १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की संघप्रदेश म्हणून राहायचे, हा प्रश्न. ‘फूल’ विलीनीकरणाचे, ‘दोन पानां’चे चिन्ह संघप्रदेशाचे. संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. आमच्या तालुक्यांचा कल फुलाकडे होता, हे सांगायला नको. ज्या घरांत मराठी ही ग्रंथांची, पत्रांची आणि देवाची भाषा होती, त्यांना हा निकाल लागला. घराघरांत भावंडे वेगळ्या बाजूंना गेली. अण्णांनी कोणत्या चिन्हावर शिक्का मारला हे त्यांनी कधी सांगितले नाही आणि वडिलांनी कधी विचारले नाही. उल्हास बुयांव यांच्या आवाजातील कोकणी गीतांनी त्या प्रचारात मोठे काम केले होते. त्यामुळे कौलानंतर काही काळ कोकणी गाणे म्हणजे ‘पानवाल्यांचे’ गाणे, अशी समजूत आमच्या घरांत रुजली. हिंदी चित्रपटातील ट्रंपेट चालत होता. तोच ट्रंपेट कोकणी शब्दांमागे आला की खटकत होता.

आणि नेमक्या त्याच वर्षांत मडगावचे ख्रिस पेरी आणि मुंबईत वाढलेली तरुण गायिका लोर्ना कोर्देरो यांचा बँड मुंबईच्या हॉटेलांतून गाजू लागला. त्यांच्या कोकणी गाण्यांच्या लहान तबकड्या निघाल्या. आमच्याकडे त्यांतली पहिली १९७० च्या सुमारास आली ती धाकट्या बहिणीच्या हट्टाने. अण्णांनी ती मुंबईहून पाठविली होती. तोपर्यंत घरात वीज आली होती. आता शिकविणारी ती होती. अण्णांचीच रीत : आधी खालचा आवाज, मग ट्रंपेट, मग गाणारीण. आईला शेवटच्या ऐकण्याची गरज पडली नाही. शब्द तिला पहिल्यांदाच कळले होते, कारण चुलीपाशी ती ज्या बोलीत बोले तिच्याच त्या बहिणी होत्या. वडील आतल्या खोलीत होते. ते बाहेर आले नाहीत, पण ‘बंद करा’ असेही म्हणाले नाहीत. ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांना हे पुरेसे आहे.

या साऱ्या प्रवासाकडे आज पाहिले तर त्यातील विपरीतपणा जाणवतो. शापोऱ्यापलीकडचे संगीत शापोरा ओलांडून आले नाही. ते बार्देशातून मुंबईला गेले, तेथे हिंदी वेष घालून तबकडीवर चढले, सीमेची बंदी संपण्याची वाट पाहत राहिले आणि मग एका भावाच्या ट्रंकेतून पेडण्यात उतरले. होडीच्या वाटेला शेकडो मैलांचा वळसा पडला. याचा दोष कोणा एकाकडे जात नाही. पोर्तुगीज सत्तेने दोन गोवे वेगळ्या काळी आणि वेगळ्या रीतीने हाताळले. आमच्या घरांनी धर्म आणि भाषा राखताना शेजाऱ्याच्या कलेकडेही पाठ केली. आणि त्यांनीही आमच्या नाट्यपदांना फारसे विचारले असे नाही.

नदीपलीकडेही भावंडांचेच काम होते, हे येथे नोंदविले पाहिजे. पेडण्याच्या समोर, शापोऱ्याच्या काठावर असलेल्या शिवोलीच्या रेमो फर्नांडिस यांचा जन्म १९५३ चा. ते सात वर्षांचे असताना लंडनहून आलेल्या नात्यातील एका भावंडाने बिल हेली यांच्या बँडची ‘रॉक अराउंड द क्लॉक’ ही तबकडी आणली, आणि त्या संगीताची त्यांना पहिली ओळख झाली. ज्या वर्षांत अण्णा मुंबईत हळदोण्याचा ट्रंपेट ऐकत होते, त्याच वर्षांत काही मैलांवर एक मुलगा लंडनमार्गे आलेला अमेरिकेचा बँड ऐकत होता.

आणि तरीही एक गोष्ट दोन्हीकडे पूर्वीपासून होती : घुमट. मातीच्या मडक्याच्या तोंडावर घोरपडीचे कातडे ताणून केलेले हे वाद्य आमच्या आरतीत वाजते आणि त्यांच्या मांडोतही वाजते. घोरपडीला कायद्याचे संरक्षण मिळाल्यावर दोघांनीही बकऱ्याचे कातडे वापरावयास सुरुवात केली. २०१९ साली गोवा सरकारने त्याला राज्याचे वारसावाद्य म्हणून मान्यता दिली. लईराई आणि मिराबाय यांना बहिणी म्हणणाऱ्या लोकांजवळ एकत्र ऐकण्याचे साधन मुळातच होते. ते हाताशी असून आपण इतका वळसा घेतला.

ख्रिस पेरी २००२ साली गेले. त्यांच्या आणि लोर्ना यांच्या गाण्यांवर उभा राहिलेला ‘नाचुंया कुंपासार’ हा चित्रपट २०१४ मध्ये तयार झाला आणि तो पाहायला आमच्या भागातील पुष्कळ मराठी घरांतील मंडळीही गेली. परंतु घराघरांतल्या तबकड्या मात्र माळ्यावर वाळवी खात आहेत. घर मोडून नवे बांधताना त्या सर्वांत आधी बाहेर पडतात. वाचकांना आमची विनंती एवढीच आहे की, टाकण्यापूर्वी त्यांतली प्रत्येक तबकडी घरात कोणी आणली, कोणत्या वर्षी आणली आणि त्या वेळी घरात कोण काय म्हणाले, हे एका कागदावर लिहून ठेवावे. ज्यांना हे सांगता येईल अशी थोरली भावंडे आता थोडी उरली आहेत. आमचे अण्णा आता नाहीत. ट्रंक आहे, आणि तिच्यातल्या तबकड्यांची यादी धाकट्या बहिणीने करावयास घेतली आहे.